दाराचं रबर

मशीनच्या पायाशी पाणी यायला लागलं तेव्हा
मी आधी फडक्याला दोष दिला,
मग बाथरूमच्या उताराला, मग वरच्या मजल्यावरच्या पोवारांना.
शेवटी दार उघडून रबराच्या घडीत बोट फिरवलं
तर बोटाचं टोक पलीकडं निघालं.

शाहूपुरीत मणेरच्या दुकानात
त्या पोरानं माझ्यामागं कोण आलंय का बघितलं.
म्हणाला, काकी, माणूस पाठवू की, आठशे घेईल.
मी मॉडेलचा नंबर वाचून दाखवला,
म्हटलं, आमच्यात माणूस आहे.

माणूस कॉटवर होता.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर,
सातापा मिस्त्री म्हटलं की शिरोलीहून जॉब यायचे.
आता कप दोन्ही हातांनी धरतात,
बशीत सांडलेला चहा आधी पितात,
म्हणजे सांडलाच नाही असं होतं.

"पिन काढलीस?" काढली.
"नळ?" बंद.
"आता कडेची तार. स्प्रिंग खाली असंल, सहाच्या काट्यावर."
स्क्रू ड्रायव्हर घातला. तार सुटली ती भिंतीला लागून टण्णकन वाजली.
"तोंड जपून," म्हणाले.
आधी सांगायचं की.

रबर सोललं तसं आतून
आठ वर्षांचं धुणं निघालं:
काळा पडलेला एक रुपया, शर्टाची दोन बटणं,
लेकीच्या ओढणीच्या टिकल्यांचा चुरा,
शेवाळागत साबण,
आणि जिथं फाटलं होतं तिथंच रुतलेला
लोखंडाचा एक वळलेला कीस.

त्यांनी तो तळहातावर घेतला.
हात हलत होता, त्यामुळं कीसही
जिवंत असल्यागत.
चष्मा मागितला. नखानं गंज खरवडला.
"ईएन-एट."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "हा माझा नव्हे. एवढा फीड मी कधी देत नव्हतो."

मी म्हटलं, मग काय पोवारांच्यातनं पडला?
डांगरी खुंटीला लागून तीन वर्षं झाली.
दुमडलेल्या बाहीतनं आला असणार कधीतरी
आणि दर धुण्याला थोडं थोडं कापत राहिला.

नव्या रबराला साबणाचं पाणी लावलं,
त्याचा त्रिकोण वरच्या खुणेला, निचऱ्याची भोकं खाली,
आणि करंजीची कड दाबत न्यावी तशी
अंगठ्यानं कड बसवत नेली.
तार मात्र ऐकेना.
डावीकडं बसवली की उजवीकडनं सुटते.
स्प्रिंग ताणायला दोन हात, वरचं धरायला तिसरा.

ते कॉटवरनं उतरले. भिंत धरत आले.
फरशीवर बसायलाच पाच मिनिटं गेली.
मी नको म्हटलं. म्हणाले, तू खालचं बघ.
आणि वर, बाराच्या काट्यावर, दोन बोटं टेकवली.
बोटं थरथरत होती, नेहमीसारखी,
आणि तार त्या थरथरीनंच
खाचेत सरकत गेली,
कुणी बारीक टिचक्या मारत बसवावी तशी.
मी स्प्रिंग ओढायचीच विसरले.

"बसली?"
बसली.
"नीट बघ."

मशीन रिकामीच लावली. खाली कालचा पेपर पसरला.
दोघं फरशीवर, काचेकडं बघत,
आत मॅच चालू असल्यागत.
पहिल्या भरणीला एक थेंब आला,
पंचगंगेच्या पाणीपातळीच्या आकड्यावर पडला.
मी त्यांच्याकडं बघितलं.
"नवं आहे," म्हणाले. "चार धुणी होऊ देत."
दुसरा थेंब आला नाही.

त्यांना उठवायला
पोवारांच्या पोराला हाक मारावी लागली.

रात्री दिवा मालवल्यावर विचारलं,
तो कीस कुठाय?
टाकला, म्हटलं.
माझ्या हेअरपिनांच्या डबीत आहे.
फीड जरा जास्तच आहे,
आता मलाही दिसतं.