नीट दिसेपर्यंत

कार्डावर बेरिलच्या अक्षरात एवढंच:
गॅमन, साडेसहा पौंड, हाडासकट.
रात्रभर पाण्यात. मग उकळ.
मग ओव्हनमध्ये, नीट दिसेपर्यंत.

नीट म्हणजे कसं, ते विचारायचं राहिलं.
सप्टेंबरात ती गेली.
आणि चोवीस डिसेंबरच्या सकाळी
स्कन्थॉर्पमधल्या तिच्या स्वयंपाकघरात
बार्शीच्या आचाऱ्याची मुलगी
डुकराच्या मांडीसमोर उभी,
नसलेला पदर खोचून.

दादांनी जन्मात मांसाला हात लावला नाही.
लग्नाच्या पंक्तींना बुंदी पाडायचे,
आणि कुणी विचारलं, पाक किती वेळ,
तर कढईतून नजर न काढता म्हणायचे,
कळतं.
म्हणजे बेरिलसारखंच. दोघांचं जमलं असतं,
भाषा नव्हती ते बरंच.

दोन तास पातेलं आपल्याशीच बोलत होतं.
काचेवर वाफ. वाफेपलीकडे
पोलादाच्या कारखान्याची धुराडी,
जिथे केनेथनं एकतीस वर्षं काढली.
आता तो बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला,
आवाज बंद करून.
सासऱ्याला नुसतं केनेथ म्हणायला
मला सात वर्षं लागली.
एड्रियन रात्रपाळी करून वर झोपलेला.

पाणी सिंकमध्ये ओतलं: राखाडी, खारट, तवंगाचं.
कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघाली,
एका ओढीत,
फक्त एवढी मोठी, की घडी घालावी लागली.
खाली चरबी, पांढरी, सपाट,
ताटात थापून ठेवल्यासारखी.

तिथून पुढे हात आपोआप चालले.
तिरक्या रेघा, मग उलट्या तिरक्या,
सुरी खोल जाऊ न देता.
वड्या. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.
प्रत्येक वडीत एक लवंग,
विड्याला टोचावी तशी.

बेरिलच्या मार्मालेडची शेवटची बरणी.
झाकणावर लिहिलेलं: जानेवारी.
जानेवारीत आम्ही इथेच साली चिरत होतो,
माझ्या जाड व्हायच्या, ती हसायची.
जाड साली अजून ओळखू येत होत्या.
बरणी गरम पाण्यानं विसळून घेतली,
तेही पाणी पाकात.
तपकिरी साखर, चमचाभर मोहरीची पूड.
एक थेंब बशीत टाकून
अंगठ्यानं दाबला, हळूच बोट उचललं:
एक तार. ताणली. तुटली नाही.

दादा, झाला.

हे मी मोठ्यानं म्हणाले असणार,
कारण केनेथ दारात येऊन उभा होता.
काही न विचारता
त्यानं ओव्हनचा दरवाजा धरला.

तीनदा पाक चढवला. तिसऱ्यांदा
घरात मोहरी, संत्रं आणि लग्नघर
यांच्या मधलाच कसलातरी वास सुटला.
बाहेर काढून ठेवलं.
कडा तांबूस, लवंगा काळ्या, वड्या उकललेल्या.

नीट दिसतंय? मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला.
हॅमकडे नाही. सिंककडे.
उकळलेलं पाणी?
टाकलं.
ती ठेवायची, तो म्हणाला.
सव्वीस तारखेला वाटाण्याचं सूप.

कार्डावर नव्हतं हे.
दरवर्षीचंच असेल ते
कोण लिहून ठेवतं.

हातमोजे तसेच घालून मी उभी राहिले,
पंक्तीत मीठ विसरलेल्या वाढप्यासारखी.

डाव्या कोपऱ्यातली एक वडी पार जळली होती.
केनेथनं नेमकी तीच कापली,
फुंकर न घालता तोंडात टाकली,
लवंगेसकट,
आणि भाजलेल्या जिभेनं काहीतरी पुटपुटला.
मला ऐकू आलं ते असं:
हाड आहे ना अजून.