पाणसळ

फ्रिजच्या दाराला चिकटवलेली बोटभर पाणसळ,
हिरव्या पाण्यात एक बुडबुडा.
गाडी थांबली की आधी तो बघायचा,
कॉफी मग.
डाव्या चाकाखाली दोन फळ्या, उजव्या चाकाखाली एक,
बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन बसला
की मी म्हणते, झालं घर.

चोवीस फूट लांब. आठ फूट रुंद.
आर्डिस, यात माणूस राहतो? असं पहिल्यांदा विचारलं
ते माझ्याच बहिणीनं, दारात उभं राहून,
पर्स छातीशी धरून.
राहतो की.
एका पावलात चूल, दुसऱ्यात बिछाना,
तिसरं पाऊल टाकलं तर बाहेर ॲरिझोना.

सरकारदरबारी माझा कायमचा पत्ता आहे
साउथ डकोटातल्या एका दुकानातला पत्रांचा खण,
नंबर चारशे सोळा.
त्या गावात मी एकच रात्र झोपले,
पुरावा म्हणून तिथल्या तळाची पावती
अजून ठेवलीय, साखरेच्या डब्याखाली.

ऑक्टोबरात उत्तरेला, बीटच्या हंगामाला.
रात्रपाळी, बारा तास,
डोंगराएवढा ढीग, आणि मी सदुसष्ट वर्षांची
नारिंगी जाकीट घालून ट्रकवाल्यांना हात करत:
अजून मागे, अजून, बास.
सकाळी हातमोजे घालून संडासाची टाकी रिकामी करायची.
याचे फोटो कुणी काढत नाही.
सगळे सूर्यास्ताचे काढतात.
पहाटे तीनला गॅस संपतो, नेहमी तीनलाच,
आणि सिलिंडर बदलताना
मी लाइलला शिव्या देते. तो मेलाय,
पण पान्याची जागा त्यानेच ठरवली होती.

थँक्सगिव्हिंगला लेकीकडे गेले, ट्विन फॉल्सला.
मार्नीनं खोली तयार ठेवली होती.
खिडकीला पडदे, उशीवर माझं नाव भरतकामात,
पलंग असा की वर चढायला पाय उचलावा लागे.
त्या पलंगावर मी कूस बदलली
आणि काहीच हललं नाही.
भिंत नाही, कप नाही, दिवा नाही.
एवढं स्थिर मला सोसेना.
चपला घालून अंगणात आले,
माझ्या गाडीत शिरले, आडवी झाले,
ती किंचित डुलली. ओळखलं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलनीचं पत्र दारावर:
अठ्ठेचाळीस तासांहून जास्त
अशी वाहने रस्त्यावरून दिसू नयेत.
मार्नीनं ते चुरगाळलं,
मग पुन्हा सरळ केलं, घडी घातली.
जावई म्हणाला, आई, बघू आपण.
बघू म्हणजे काय ते मला कळतं,
बस चालवलीय एकतीस वर्षं, शाळेची.

त्या रात्री पुन्हा बाहेर आले
तर माझ्या गाडीत दिवा.
मार्नी टेबलाशी बसलेली, पाय वर घेऊन,
बँकेच्या कागदांची चळत समोर,
माझा कप हातात.
मी काही विचारलं नाही.
जागा तरी कुठे होती विचारायला,
तिच्या शेजारी सरकून बसले, गुडघ्याला गुडघा.

म्हणाली, तुझ्याकडे सगळं किती जवळ आहे गं.
मग, बऱ्याच वेळानं:
या घराचे अजून बावीस वर्षं हप्ते आहेत.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं हिणवतात ना लोक.
विंचवाला कुणी विचारलंय का,
त्याची झोप कशी आहे?

आम्ही दोघी एकाच बाजूला बसलेलो,
सगळं वजन डावीकडे.
फ्रिजवरचा बुडबुडा रेघ ओलांडून
पार उजव्या टोकाला गेला.
मला दिसत होतं.
फळी दाराशीच होती, हाताच्या अंतरावर.

उठले नाही.