मॅडम काहीतरी

अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून
क्लेमेंटसाहेब दर मंगळवारी यायचे दुकानात.
लोको शेडचा माणूस. गालाच्या कातडीत
कोळशाचे बारीक ठिपके रुतलेले,
वस्तऱ्यानं ते कधी निघाले नाहीत,
मीही खरवडले नाहीत.

ऑस्ट्रेलियाला निघाले त्या हप्त्यात
वर्तमानपत्रात बांधून काहीतरी आणलं.
आल्यासारखं. गाठीगाठीचं, धूळ खाल्लेलं.
"आईनं पचमढीला लावलं होतं, देवमन.
हिच्या फुलाला दाढी असते. तुझ्याकडेच शोभेल."
मी हसलो. त्यांच्या तोंडाला फेस होता,
फेसातूनच जातीचं नाव सांगितलं.
मला ऐकू आलं तेवढं : मॅडम.
पुढचं साबणात गेलं.
परत विचारायला पाहिजे होतं.
पण बाकावर गिऱ्हाईक थांबलं होतं.

काळ्या मातीनं पहिल्याच पावसाळ्यात एक गाठ कुजवली.
मग कन्हानची रेती आणली, विटांचा चुरा घातला.
गाठ पुरायची नाही, साहेब म्हणाले होते,
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी
पाठ उन्हाला उघडी पाहिजे.
ठेवली उघडी.
पानं आली, पात्यासारखी, पंखा धरून उभी.
आणि बस.
अकरा वर्षं नुसती पानं.
मी दरसाल कातरत गेलो. मीडियम कट.
टायरवाला मुश्ताक म्हणे,
"काहून पाळता बापा हा कांदा?"

नागपूरची थंडी ती किती,
जानेवारीत चार दिवस मफलर,
अन् मे महिन्यात सत्तेचाळीस.
तिला पचमढी पाहिजे होती.
मी कुठून आणू?

पोरीनं पहिल्या पगारातून फ्रिज घेतला.
खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीखाली,
दोन महिने ठेवली मॅडम.
एकदा रुक्मानं चहात किसायला घेतली.
किसणी हिसकली मी तिच्या हातातून.
स्वतःच्या वरातीत बँड पळून गेला
तेव्हाही एवढा ओरडलो नव्हतो.
आठ दिवस घरात बिनआल्याचा चहा.

अन् शिवरात्रीच्या सकाळी
शटर उचलायला निघालो तर
हातभर दांड्यावर, मिटल्या छत्रीसारखी
होती ती कळी, सुटलेली.
पांढरी. पण काठाला निळ्या दोऱ्याचं काम,
कुणी सवडीनं बसून टाके घातल्यासारखं.
तीन पाकळ्या वर, तीन खाली लोंबत,
आणि खालच्या तिन्हींवर, खरंच,
दाढी.
पिवळट, मऊ, दोन दिवसांची.

चाळीस वर्षं दाढ्या काढल्या मी.
हिच्यावर बोट फिरवलं
अन् हात मागं घेतला.

मुश्ताक येऊन उभा राहिला.
कांद्याचं नाव नाही काढलं.

तीन दिवस राहिली.

आता जुना वस्तरा तिच्यासाठीच.
तीन-चार वर्षांनी गड्डा फोडावा लागतो,
मधली म्हातारी गाठ फेकायची,
कडेची पोट्टी ठेवायची,
कापाला राख. गिऱ्हाईकाला तुरटी, तिला राख.
एक मुश्ताककडे गेली, टायरच्या कुंडीत.
एक मेडिकलच्या नर्सबाईकडे, तिची अजून रुसून आहे.
पर्थचा पत्ता होता, तिकडं कार्ड टाकलं,
पूर्ण नाव काय म्हणून.
शिक्का मारून परत आलं.

मान सरळ ठेव. बोलू नको,
पातं ओठाजवळ आहे.
तुलाही देतो एक, जाताना घेऊन जा.
फूल गळलं की पाणी तोड.
मारबत निघाली की फ्रिजमध्ये टाक,
दिवाळी झाली की काढ.
घरी आधी सांगून ठेव, हे आलं नव्हे.
आणि कुणी नाव विचारलं
तर म्हण, मॅडम,
अन् पुढं थोडं
तोंडातल्या तोंडात.