सावली-तपासणी

रास अल खैमाच्या हॉटेलातला हॉल,
एसी असा की शाल आणायला हवी होती.
आम्ही बावीस होऊ घातलेले तपासनीस,
गळ्यात पट्टे, पुढ्यात खजूर.
शम्साबाई भिंतीवर एक तास दाखवतात :
कुठलीशी चौथी, अपूर्णांक.
"काय दिसलं?"
मी म्हणते, शिक्षिका छान होती.
"छान हे मत झालं, नीलांबरी. पुरावा लिही."

मग लिहायला शिकते.
नऊ सतरा. हात वर : सहा.
नऊ बावीस. प्रश्न अकरा, त्यातले नऊ बाईंनीच सोडवले.
छान, गोड, बिचारी
ही माझी वीस वर्षांची पुंजी
माझंच पेन खोडत जातं.

आमच्याकडे देवरूखला दिपोटी यायचे,
तेव्हा गुरुजी आदल्या दिवशी भिंतीला गेरू लावून घेत
आणि शंकऱ्याला सांगत, उद्या तू गुरांकडे जा.
साहेब शहाळं पिऊन शेरा मारत : समाधानकारक.
एवढ्या लांब शब्दात
शंकऱ्याला बसायला जागा नव्हती.

बुधवारी पहिली सावली-तपासणी.
म्हणजे मुरलेल्या तपासनिसामागून चालायचं,
बोलायचं नाही.
बाहेर त्रेचाळीस अंश, आत सातवी ब,
टाइल्सच्या कारखान्यातल्यांची मुलं.
शिक्षक कोवळा, कोट्टयमचा, नाव बिनोय.
टोपण न काढताच
त्यानं फळ्यावर मार्कर फिरवला.
कुणी हसलं नाही. उलट
अख्ख्या वर्गानं हात वर केले,
उत्तर येवो न येवो.
हे कुठल्या रकान्यात घालू?

शेवटच्या बाकावरची एक मुलगी
पेन्सिलीला टोक काढत होती.
टोक झालं की मोडायची, पुन्हा काढायची.
लिहावं लागू नये म्हणून.
ही युक्ती मला ठाऊक आहे, तिसरीत माझीच होती.
नऊ एकेचाळीस. पेन्सिल, चौथ्यांदा.

संध्याकाळी श्रेणीचा ताळा.
ग्रॅहमसाहेब म्हणाले, चांगला.
शम्साबाई माझ्याकडे वळल्या,
"सावलीला काय दिसलं?"
मी नोंद वाचली.
त्यांनी मिटलेला फॉर्म पुन्हा उघडला.
"उद्या तिची वही मागवू."

चांगलंच झालं की.
पण टॅक्सीत आठवत राहिलं टोपण,
आणि बिनोयचा करार, म्हणे, जूनपर्यंतचाच.

रात्री वहीच्या मागच्या पानावर,
जिथे कुणी तपासणार नाही तिथे,
लिहिलं : बिचारा.
खोडणार होते.
मग शेजारी नुसती वेळ टाकली,
अकरा दहा.