चव रजिस्टर

गुरुवारी तीन वाजता, ताटं धुऊन झाली की
मी शाळेच्या कोठीचं दार आतून लावून घेते.
फोन टेकवते तांदळाच्या पोत्याला,
चौथ्या थरावर, खिडकीकडे;
तिथेच रेंजच्या दोन दांड्या येतात.
नागपूरच्या बोरघरे मॅडम आधी विचारतात,
"एकट्याच आहात ना?"
हो मॅडम. मी आणि अठरा पोती.

घरी बोलायला जागा नाही.
घरी भिंतीलाही सासू आहे.

पहिल्या गुरुवारी मी नुसतं स्वयंपाकाचं बोलले.
एकशे बारा पोरं, हळद किती, वटाणा किती.
मॅडम म्हणाल्या, आणि झोप किती?
चूल विझल्यावर मोठं गंज थंड होताना
टक् टक् वाजतं,
तसं काहीतरी माझ्यात वाजलं.

हिमांशू सातवीत.
त्याला मी सराट्यानं मारलं होतं, पंगतीत, वाढता वाढता.
आदल्या संध्याकाळी अर्धा तास उशिरा आला म्हणून.
त्या अर्ध्या तासात माझ्या मनात तो तीनदा मेला होता:
एकदा बोडीत, एकदा ट्रकखाली,
आणि एकदा... त्याचं नाव आमच्याकडे
दिवेलागणीला घेत नाहीत.

"विचार लिहून काढा," मॅडम म्हणाल्या.
"किती टक्के खरा वाटतो, पुरावा काय."
जुनं चव रजिस्टर पडलं होतं, निम्मं कोरं,
रकाने आखलेलेच:
दिनांक, पदार्थ, चव घेणाऱ्याचं नाव, अभिप्राय, सही.
मी पदार्थाखाली भीती लिहू लागले.

सोमवार. पोट्टा अजून आला नाई. नव्वद टक्के.
मंगळवार. मी वाईट माय आहे. शंभर.
बुधवार. छाती धडधडते, हे हार्टच आहे. ऐंशी.
(आशाताईनं बीपी पाहिलं. बरोबर निघालं. मग चाळीस.)

नवरा राइस मिलमधून पहाटे येतो.
म्हणतो, "काहून एवढा इचार करतं?"
जसा काही विचार मी दुकानातून किलोनं आणते.

एकदा मात्र मॅडमच अडकल्या.
"वाटेत वाघ असेल, याला पुरावा?"
आहे ना मॅडम. (दुपार होती, म्हणून नाव घेतलं.)
पंजा आहे. धुर्‍याजवळच्या बांधीत, ओल्या मातीत,
माझ्या तळहाताहून मोठा.
वनरक्षकानं भोवती चुना टाकून ठेवलाय.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं.
ही भीती आपण पुसायची नाही. ही ठेवू.
हिच्या मागे लपून दुसऱ्या कोणत्या येतात, ते बघू."

ते मला लगेच कळलं.
सुपात खडा आणि कणी सारखीच दिसतात.
बोटांना कळतं कोणती कोण,
बोटं घाईत नसली तर.

आता पोरं चौघं मिळून येतात, टॉर्च घेऊन, बोलत बोलत.
तरी मागच्या शनिवारी याला उशीर झालाच.
मी दारात उभी. हात शिवशिवत होते.
विचारलं, "भूक लागली का?"
त्यानं मागे वळून पाहिलं,
मी कोणाला विचारतेय ते.

परवा रजिस्टर उघडलं,
तर त्या मंगळवारच्या ओळीत,
"मी वाईट माय आहे"च्या पुढे,
चव घेणाऱ्याचं नाव: हिमांशू.
अभिप्राय: मीठ जास्त.
आणि सही, हेडमास्तरांसारखी, खाली रेघ ओढून.

मॅडमना अजून सांगितलं नाही.
गुरुवारला दोन दिवस आहेत, आणि रेंजचं काही खरं नाही.
त्यालाही विचारलं नाही, कधी वाचलंस म्हणून.
उद्या मटकीची उसळ आहे.
उठते, भिजत घालते.