कालचा रस्ता

काइकेनं बावीस वर्षं एकाच खिडकीमागे काढली.
फ्रीझियाच्या किनाऱ्यावरची छोटी बँक.
सकाळी पहिलं काम तारखेच्या शिक्क्याचं:
अंगठ्यानं रबरी चाक एक दात पुढे सरकवायचं,
रद्दी कागदावर उठवून बघायचं,
की दिवस सुरू, कालच्यासारखाच.

शाखा बंद झाली तेव्हा
तिनं तेवढा शिक्का पिशवीत टाकला.
कुणी विचारलं नाही.

नाहमेन म्हातारा. चाळीस वर्षं सुकतीला
लोकांना अनवाणी समोरच्या बेटावर नेणारा.
आता गुडघे नाही म्हणत होते.
"पैसे मोजायचीस ना?
मग माणसं मोज."
एवढीच मुलाखत.

पहिल्या दिवशी तिनं वही आणली.
तिसऱ्या बर्चच्या फांदीपाशी डावीकडे.
शिंपल्यांच्या पट्ट्यावरून तीनशे पावलं.
मग ओहोळ, पोटरीएवढा.
म्हातारा काठी टेकून बघत राहिला, बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरी फांदी नव्हती.
शिंपल्यांचा पट्टा पलीकडे सरकलेला,
झोपेत कूस बदलणाऱ्याच्या चादरीसारखा.
ओहोळ मांडीएवढा.
ती वहीकडे बघे, चिखलाकडे बघे,
आणि तिला राग आला, खरोखरचा,
ताळेबंद जुळला नाही की यायचा तसा.
"हे कुणी हलवलं?"
"रात्रपाळीवाल्यानं," म्हातारा म्हणाला.

मग कित्येक महिने ती फक्त पाय शिकली.
टाचेखाली करकरते ती रेव, भरवशाची.
बोटांमधून लोण्यासारखा वर येतो तो गाळ,
तिथून मुकाट्यानं मागे.
किड्यांनी घातलेल्या मातीच्या कुरडया
दाट असतील तिथे पाऊल पेलतं.
पाणी परतायच्या आधी पक्षी जागा बदलतात.
हे वहीत नाही.
कुठल्या रकान्यात लिहायचं तेच कळेना.

एकटीनं नेलेली पहिली तुकडी: अकरा जण.
अर्ध्यावर धुकं.
लाल टोपीतला एक मुलगा, पुढचा दात पडलेला,
म्हणाला, "तुला रस्ता माहितेय ना?"
खोटं बोलायलाच तोंड उघडलं होतं तिनं.
"कालचा," ती म्हणाली.
त्याच्या आईनं त्याचा हात घट्ट धरला.

ओहोळ आज कमरेएवढा.
सगळ्यांना थांबवून ती उतरली,
काठीनं चाचपत गेली, दात वाजत परत आली.
मग अर्धा तास बेटाला समांतर चालणं.
बेट जवळ येत नाही, कुरकुर तेवढी येते.
एकानं फोन काढला: "यात तर आपण
समुद्रात आहोत. भर निळ्यात."
"बरोबर दाखवतोय," काइके म्हणाली.
कुणीतरी हसलं. त्या हसण्यावर
पन्नासेक पावलं निघाली.

आणि एके जागी पाणी विरळ झालं.
गुडघा. पोटरी. घोटा.
तिथे खूण नव्हती कसलीच.
उद्या ती जागा असेल असंही नाही.

बेटावर कॉफी गरम होती. नाहमेनचा फोन.
"निघालीस तेव्हा किती?"
"अकरा."
"आता?"
तिनं तरीही पुन्हा मोजले, लाल टोपी दोनदा आली,
पुन्हा मोजले.
"अकरा. उशीर झाला पण."
"बरं," म्हणाला आणि ठेवला.

रात्री तिनं खणातून शिक्का काढला.
बँक बंद झाली त्या तारखेवर अडलेला.
आजपर्यंत यायला वेळ लागला,
एकेक दात, टक्, टक्.
बावीस वर्षं रोज हेच करत होती ती
आणि म्हणत होती, आपल्या आयुष्यात
काही बदलत नाही.

कोऱ्या पानावर तारीख उठवली.
खाली लिहिलं: ओहोळ कमरेएवढा.
उत्तरेकडून गेलो.
मग बराच वेळ पेन्सिल हातात,
पायाच्या नखांत अजून गाळ.

उद्या ओहोटी, सकाळी पावणेअकरा.