वाघिणी

आठवडाभर मी पेशी मोजते.
नाना पेठेतली लॅब, काचपट्टी, भिंग,
तांबड्या इतक्या, पांढऱ्या इतक्या,
अंगठा मोजणीच्या खटक्यावर.
रविवारी तोच अंगठा घेऊन
पहिल्या बसने मांजरीला उतरते
आणि वाघिणी मोजते.

वडील लोणीला, तेलाच्या डेपोत कारकून.
जेवताना सांगायचे, आज बेचाळीस वाघिणी आल्या,
दोन गळक्या निघाल्या.
मी सहा वर्षांची. घास तसाच हातात.
बेचाळीस! आणि हा माणूस शांतपणे ताक भुरकतोय.
पुढे कळलं, वॅगनची मराठीत वाघीण झालीय.
कळलं, पण फिटलं नाही.
अजूनही आधी रूळ गुरगुरतात,
मग खडी, मग माझ्या चपलांचे तळवे.

"एक्स्प्रेस तरी बघत जा," नवरा म्हणतो.
एक्स्प्रेसला वेळापत्रक असतं, त्यात काय बघायचं.
मालगाडी येते तेव्हा येते.
कधी तीन तास नुसता तारेवरचा कोतवाल,
लाल सिग्नल, थर्मासमधला कोमट चहा.
मग एकाएकी दोन इंजिनं, कपाळावर धूळ,
मागे सिमेंट, कोळसा, झाकलेलं, उघडं,
कुठल्या कुठल्या रेल्वेची आद्याक्षरं अंगावर,
खडूने लिहिलेलं काहीतरी,
कुणीतरी, कुणासाठी तरी.
लष्कराचे ट्रक लादलेले असले
की कॅमेरा मी आपणहून खाली घेते.
पोलिसाने एकदा वही तपासली होती.
"नुसते आकडे?"
"नुसते आकडे."
त्याला माझी दया आली असावी.

गेल्या फाल्गुनात एक गाडी लूपला उभी राहिली,
पुढे काही अडलं होतं.
शेवटच्या डब्यात गार्ड, कठड्याला आरसा टांगून
दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस.
"मॅडम, इंजिन तिकडे. अर्धा मैल पुढे."
"माहितीये. मला तुमचा डबा हवाय."
तो फेसासकट उभा राहिला, सावधान,
हिरवा बावटा छातीशी.
नाव सांगितलं: अंबादास खरोसे, दौंड.
"हा डबाच काढणार म्हणतात आता.
शेवटच्या वाघिणीला एक डबी लावायची,
लाल दिव्याची. गार्डचं सगळं काम करते म्हणे.
दाढी तेवढी करत नाही."
सिग्नल मिळाला. कपलिंगा ताणत ताणत
धक्का पुढून मागे आला, खडखडत, एकेक करून,
आणि सगळ्यांत शेवटी त्याला लागला.
एक गाल राहिलेला माणूस
बावटा हलवत गेला.

फोटो आठ बाय दहा काढून आणलाय. पिशवीत असतो.
दौंड काही लांब नाही.
तासाभरात जाऊन हातात देता येईल,
हे मलाही कळतं. नवराही तेच म्हणतो.
पण ज्याला येईल तेव्हा यायची सवय
त्याच्या दारात जाऊन बेल कशी वाजवायची?

आज सकाळी एक गेली.
अठ्ठावन्न. शेवटी डबी होती, लुकलुकत.
अंगठा तरीही एकदा जास्तीचा दाबला गेला.
लॅबमध्ये अशी चूक मी
बावीस वर्षांत केलेली नाही.
खोडायला वही उघडली,
पेनचं टोपण दातांत,
आणि पलीकडचे रूळ
गुरगुरायला लागले.